वरची आळी, मधली आळी, खालची आळी
(बिल्बाओच्या जुन्या गावभागात जाणाऱ्या आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार.

स्पेनच्या सहलीत बिल्बाओ का घेतलं, असं बुकिंगच्या वेळी बरेच जण विचारतात. आणि आम्ही उत्तर देण्याआधीच स्वतः म्हणतात, "हां, ते गुगेनहाइम!" गुगेनहाइम संग्रहालय १९९७ साली उघडलं. ते आपण पाहणारच आहोत. पण बिल्बाओ हे गाव त्याच्या सातशे वर्षं आधीपासून तिथे आहे. १५ जून १३०० रोजी दिएगो लोपेस दे आरो या सरदाराने त्याला नगराची सनद दिली. त्या मूळ गावात फिरायला आम्ही एकाच दिवसात दोन खेपा ठेवल्या आहेत, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. बस आत जात नाही. गाइडही दिलेला नाही, तो मुद्दाम. हे पत्रक विमानात वाचलंत तरी चालेल.

स्पॅनिश लोक या भागाला 'कास्को व्हिएहो' म्हणतात आणि इथले मूळचे बास्क लोक 'सास्पी कालेआक', म्हणजे सात गल्ल्या. सुरुवातीला तीनच होत्या, तटबंदीच्या आत. पंधराव्या शतकात वस्ती वाढली आणि आणखी चार आल्या. त्यांची नावं पाटीवर वाचायला अवघड वाटतील, पण अर्थ कळले की आपल्याच गावात आल्यासारखं वाटतं. सोमेरा म्हणजे वरची आळी. आर्तेकाले म्हणजे मधली आळी. बार्रेंकाले ही खालची आळी, आणि तिच्याही खाली आणखी एक झाली तेव्हा कोणी डोकं खाजवत बसलं नाही. तिचं नाव बार्रेंकाले बार्रेना, खालच्या आळीची खालची आळी! तेंदेरिया ही दुकानदारांची आळी आणि कार्निसेरिया व्हिएहा म्हणजे जुनी खाटीक आळी. राहिली बेलोस्तिकाले, ती कोणा बेलोस्तीच्या नावाची. पुण्यातल्या तांबट आळीत आज सगळे तांबट नाहीत, तसंच इथे खाटीक शोधू नका.

बास्क भाषेचं, म्हणजे एउस्केराचं, जगातल्या कुठल्याही ज्ञात भाषेशी नातं सापडलेलं नाही. पाट्या दोन्ही भाषांत असतात. तीन शब्द पुरेत : 'काइशो' (नमस्कार), 'एस्केरिक आस्को' (आभारी आहे), 'आगुर' (येतो). उच्चार चुकले तरी काउंटरवरचा माणूस हसून दाद देतो, आणि पुढची ऑर्डर घाईने का होईना, पण नीट घेतो.

सकाळची खेप

दहाच्या सुमारास बस आपल्याला आरियागा नाट्यगृहासमोर सोडेल. हे १८९० चं. ज्याच्या नावाने आहे तो हुआन क्रिसोस्तोमो आरियागा हा संगीतकार इथलाच, जन्म २७ जानेवारी १८०६. मोझार्टचाही जन्मदिवस तोच, बरोबर पन्नास वर्षं आधीचा. आरियागा पॅरिसला शिकायला गेला आणि विसावा वाढदिवस दहा दिवसांवर असताना तिथेच वारला. इमारतीसमोर फोटो काढाच, पण दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका, कारण बाजार सकाळचाच चांगला असतो.

नदीकाठाने चालत गेलात की रिबेरा बाजार लागतो. पेद्रो इस्पिसुआ या वास्तुविशारदाने बांधलेली १९२९ ची इमारत, रंगीत काचांमधून आत उजेड येतो. मासळीचे गाळे बघायला शाकाहाऱ्यांनीही यावं. आमच्या एका काकू नाकाला पदर लावून आत शिरल्या आणि अर्ध्या तासाने बाहेर येऊन म्हणाल्या, "आपल्या मंडईपेक्षा ओली कमी आहे हो जमीन." रविवारी हे गाळे बंद असतात. तुमच्या सहलीत बिल्बाओ रविवारी येत असेल तर बाजाराऐवजी थेट प्लासा नुएव्हा, म्हणजे नव्या चौकात, जा. तिथे रविवारी सकाळी कमानींखाली नाणी, पोस्टाची तिकिटं आणि जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो.

बाजाराच्या पलीकडे सान आंतोनचं चर्च आणि त्याला लागून पूल आहे. ही जोडी शहराच्या बोधचिन्हावर आहे. फक्त बास्क खेळाडू घेणाऱ्या इथल्या प्रसिद्ध फुटबॉल संघाच्या, आथलेटिक क्लबच्या, बिल्ल्यावरही आहे. नातवंडांना टी-शर्ट न्यायचा असेल तर छातीवरचा तो पूल ओळखता येईल.

आता गल्ल्यांत शिरा. चालताना भिंतींकडे लक्ष ठेवा. काही ठिकाणी डोक्याच्याही वर एक खूण किंवा पाटी दिसेल आणि तिच्यावर १९८३ हे साल असेल. त्या वर्षी २६ ऑगस्टला नदीला पूर आला. गावात तेव्हा 'आस्ते नागुसिया' ही नऊ दिवसांची जत्रा चालू होती. दुकानं, नाट्यगृह, बाजार, सगळं पाण्याखाली गेलं. ज्यांनी लहानपणी घरी १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्यांना या खुणेपाशी थांबून हात वर करून उंची मोजावीशी वाटतेच. आमच्या प्रत्येक गटात कोणी ना कोणी मोजतं. गावाने नंतर जुन्या घरांची डागडुजी केली आणि या गल्ल्या बव्हंशी पायी चालणाऱ्यांसाठी राखल्या. आज इथे गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, त्यामागे तो पूरही आहे.

सांतियागोचं कॅथेड्रल गल्ल्यांच्या मधोमध आहे. गॉथिक बांधणीचं. कॅथेड्रल हा दर्जा मात्र १९४९ मध्ये, बिल्बाओला स्वतःचा बिशप मिळाला तेव्हाचा. आत जायला तिकीट लागतं. युरोपातली चार चर्च पाहून झाली असतील तर बाहेरचा पडवीसारखा भाग पाहून पुढे गेलात तरी तुमचं काही चुकत नाही, हे आमचं स्पष्ट मत. गोव्याकडच्या मंडळींनी मात्र सांतोस हुआनेस चर्चमध्ये डोकवावं. ते मूळचं जेझुइटांचं. जेझुइट पंथ उभा करणारे इग्नेशियस लोयोला बास्क होते, आणि त्यांचे सोबती फ्रान्सिस झेविअर, आपले 'गोंयचो सायब', शेजारच्या नाव्हारातल्या हाव्हिएरच्या गढीत १५०६ साली जन्मले. त्यांची मायबोली बास्कच. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुसमध्ये ज्यांच्यापुढे आपण मेणबत्ती लावतो, त्यांचा मुलूख हा.

कॅये देल पेर्रो, म्हणजे कुत्र्याच्या गल्लीत, १८०० सालचं एक छोटं कारंजं आहे. तीन तोंडांतून पाणी येतं आणि ती तिन्ही सिंहाची आहेत. पण तेव्हाच्या बिल्बाओकरांनी सिंह कुठे पाहिला होता? त्यांनी त्याला कुत्रा ठरवलं, आणि गल्लीचंही नाव तेच पडलं. ही जागा लक्षात ठेवा, संध्याकाळी लागेल.

ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांच्यासाठी : उनामुनो चौकातून माल्योनाच्या पायऱ्या वर बेगोन्याच्या देवीकडे, म्हणजे मेरीमातेच्या चर्चकडे, जातात. तीनशेच्या आसपास आहेत. पर्वतीची सवय असणाऱ्यांना काहीच नाही. बाकीच्यांनी चौकातच बसावं. चौक ज्यांच्या नावाचा, ते लेखक मिगेल दे उनामुनो १८६४ साली जवळच्याच रोंदा गल्लीत जन्मले.

दुपार

दोन ते साडेचार-पाच या वेळात बरीचशी दुकानं शटर ओढून घेतात. पुणेकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. म्हणूनच गुगेनहाइम आम्ही या वेळेत घेतलं आहे. आरियागापासून ट्राम थेट तिथे जाते, चालत गेलात तर अर्धा तास. 'मेनू देल दिया' म्हणजे दुपारची ठरावीक थाळी. ती साधारण दीड ते साडेतीन मिळते आणि पोटभर असते. वेळ टळली तर स्वयंपाकघर बंद, विनंती करून उपयोग नाही.

संध्याकाळची खेप

साडेसातला ट्रामने परत या. आता हा गाव वेगळा दिसेल. ऑफिसातून सुटलेले, आजी-आजोबा, बाबागाडीतली पोरं, सगळे रस्त्यावर असतात. इथे कोणी एका हॉटेलात बसून जेवत नाही. एका ठिकाणी उभ्याउभ्या एक घोट, एक घास, की पुढचं दुकान. घोळका असेल तर सगळे आधीच सारखी वर्गणी काढून एकाच्या हाती देतात, तिला 'बोते' म्हणतात. आमच्या गटांना ही पद्धत फार आवडते, हिशेबाची कटकट राहत नाही.

घास म्हणजे 'पिंचो'. पावाच्या तुकड्यावर काहीतरी, त्यात टोचलेली काडी. बशा काउंटरवर मांडलेल्या असतात, बोट दाखवून मागा. किंमत साधारण २ ते ४ युरो. पैसे बहुतेक ठिकाणी शेवटी देतात आणि हिशेब देणाऱ्याच्या डोक्यात असतो. सर्वांत सोयीची जागा प्लासा नुएव्हा. कमानींनी चारी बाजू बंद असलेला हा चौक १८५१ मध्ये पुरा झाला, आणि आपल्याकडची नवी पेठ जितकी नवी तितकाच हाही 'नवा'. बास्क भाषेच्या अकादमीची कचेरीही इथेच आहे, खाली पिंचोची दुकानं.

शाकाहाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. 'व्हेजेताल' असं लिहिलेलं सँडविच शाकाहारी नसतं. त्यात सहसा ट्यूना मासा आणि अंडं असतं. आमचे एक काका अर्धं खाऊन मगच थांबले होते. 'कार्ने (मांस) नको' एवढंच म्हणालात तर हॅम येऊ शकतं, कारण त्यांच्या लेखी ते कार्नेत मोडतंच असं नाही. म्हणून पूर्ण म्हणा : 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन' (मांस, मासे, हॅम नको). अंडं नको असेल तर 'सिन वेवो' जोडा. तोर्तिया हे बटाट्याचं ऑम्लेट, त्यात अंडं आहेच. इदियासाबाल हे मेंढीच्या दुधाचं इथलं नावाजलेलं चीज, पण पारंपरिक पद्धतीत त्याला प्राण्याच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) लागतं. कडक पाळणाऱ्यांनी टाळावं. मग उरतं काय? ऑलिव्ह, पाव, टोमॅटो, आणि हंगामात गेर्निकाच्या मिरच्या : तेलात तळून वर मीठ. वडापावाबरोबर मिळते तीच मिरची, फक्त तिखट नाही. जैन प्रवाशांसाठी आम्ही खाऊचे डबे बरोबर ठेवतो, बुकिंगच्या वेळीच सांगा.

मासे खाणाऱ्यांनी बाकालाओ, म्हणजे खारवलेला कॉड, चुकवू नये. त्याची इथे एक गोष्ट सांगतात. १८३६ च्या वेढ्याआधी गुर्तुबाय नावाच्या व्यापाऱ्याने '१०० किंवा १२०' मासे मागवले. स्पॅनिशमध्ये 'किंवा'साठी 'ओ' लिहितात, आणि ते अक्षर शून्यासारखंच दिसतं. समोरच्याने १०,००,१२० वाचलं आणि तेवढे पाठवले. वेढा पडला, गाव त्यावरच तगलं आणि व्यापारी गबर झाला. खरं-खोटं गुर्तुबाय जाणे, पण चव खरी आहे.

गोड हवं असेल तर बेकरीत 'बोयो दे मांतेकिया' मागा. इराण्याचा बनमस्का आठवेल, फक्त लोणी गोड आणि फेटलेलं.

थोडं किरकोळ. इथे जवळजवळ बाराही महिने भुरभुर पाऊस येतो, त्याला 'सिरिमिरी' असं गोड नाव आहे. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं. फरशी ओली झाली की घसरते, चपला नकोत. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. स्वच्छतागृह म्हणजे कुठल्याही दुकानात कॉफी घ्या आणि विचारा. आणि वरच्या मजल्यांवर माणसं राहतात, गॅलऱ्यांत कपडे वाळत असतात. रात्री गल्लीत उभं राहून एकमेकांना मोठ्याने हाका मारू नका, मोबाइल आहे.

हरवलात तर उतार धरा, नदी लागेल, आणि नदीकाठाने आरियागा सापडेल. परतीसाठी सगळ्यांनी साडेनऊला कुत्र्याच्या कारंज्यापाशी जमायचं आहे. सिंह दिसले तर बरोबर पोहोचलात.