अणू थांबले म्हणून सुपरकंडक्टर? नाही हो!
इंदूरला आपल्या मराठी मंडळींत सुपरकंडक्टरबद्दल (म्हणजे करंटला अजिबात न अडवणारा पदार्थ) हे फार वर्षं फिरतंय की खूप थंड केलं की उष्णतेची एनर्जी संपते, अणू थांबतात, मग इलेक्ट्रॉनला अडवायला कोणी उरत नाही. तसं असतं तर तांबं-चांदी, ज्यांतून एरवी करंट सगळ्यांत सहज जातो, आधी सुपरकंडक्टर झाले असते, ते होतच नाहीत, आणि पारा मात्र ४.२ केल्विनला (साधारण उणे २६९ अंश सेल्सिअस) एकदम शून्य रेझिस्टन्सवर येतो, हे १९११ पासून माहिताय. पारा, शिसं अशा धातूंचं खरं कारण बार्डीन, कूपर, श्रीफर या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये दिलं. अणूंच्या जाळीच्या कंपनांमुळेच इलेक्ट्रॉनच्या जोड्या जमतात (किती सुंदर आहे हे!), त्या सगळ्या मिळून कमी एनर्जीच्या एकाच अवस्थेत जातात, आणि जोडी तोडायला ठराविक किमान एनर्जी लागते जी इतक्या थंडीत मिळत नाही, म्हणून करंट अडत नाही.