बुबुळावरची बुरशी : आधी खरवड, मग थेंब

डोळ्यात कुसळ जातं, आपण पाण्याने डोळा धुतो, थोडा चोळतो आणि विसरून जातो. काही दिवसांनी डोळा लाल होतो, उजेड सोसवत नाही, बुबुळावर पांढुरका ठिपका दिसू लागतो. घरात पडून असलेले कुठले तरी थेंब घातले जातात आणि खरं नुकसान अनेकदा इथेच होतं. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, बरं वाटतं, पण डोळ्याचा प्रतिकार मंदावतो आणि बुरशीला मोकळं रान मिळतं.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि रक्तवाहिन्या नाहीत. त्याचा वरचा थर शाबूत असतो तोवर बुरशीला सहसा आत शिरता येत नाही. पान, काडी, मातीचा कण यांनी तो खरचटला की फ्युजेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस यांसारखी बुरशी आत उतरते. कॉन्टॅक्ट लेन्सही कारण ठरू शकते. २००६ साली फ्युजेरियमच्या साथीशी संबंध आढळल्यावर लेन्स धुण्याचं एक द्रावण जगभरातून मागे घेतलं गेलं. जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोकांना हा आजार होतो, असा अंदाज आहे.

पिसासारख्या विस्कटलेल्या कडा, कोरडा उंचवटा, मुख्य जखमेभोवती छोटे ठिपके दिसले की डॉक्टरांना बुरशीची शंका येते. पण जिवाणू आणि अकँथअमीबा या एकपेशीय जीवाच्या जखमाही अशाच फसव्या दिसतात आणि तिघांची औषधं वेगळी. म्हणून माझा आग्रह खरवडीचा आहे. भूल देणारे थेंब घालतात, रुग्ण स्लिट लॅम्प या डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसतो आणि डॉक्टर बारीक पात्याने जखमेची कड व तळ खरवडतात. कण काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकतात. पेशींचा कचरा विरघळतो आणि बुरशीचे फांद्या फुटलेले, आडव्या भिंतींचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली उघडे पडतात. एवढ्याने त्याच दिवशी उपचाराची दिशा ठरू शकते. उरलेला नमुना वाढवायला ठेवतात. त्यातून नेमकी जात कळायला काही दिवस, कधी आठवडाही लागतो. जखम खोल असेल तर कॉन्फोकल मायक्रोस्कोपने न खरवडताही तंतू पाहता येतात, पण हे यंत्र मोजक्याच ठिकाणी असतं.

औषधांची अडचण अशी की बुरशीची पेशी आपल्या पेशीसारखीच केंद्रक असलेली, त्यामुळे तिला मारून आपल्याला न दुखावणारी औषधं थोडी. नाटामायसिन हे त्यांतलं भरवशाचं. बुरशीच्या पेशीपटलात आपल्यासारख्या कोलेस्टेरॉलऐवजी एर्गोस्टेरॉल हा स्निग्ध पदार्थ असतो, त्यालाच ते पकडतं. भारतात ३२३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते नव्या, महागड्या व्होरिकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधापेक्षा सरस ठरलं. फ्युजेरियममध्ये तर ठळकपणे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नाटामायसिनचा अत्यावश्यक औषधांत समावेश केला.

नाटामायसिनचे ५ टक्क्यांचे थेंब दुधासारखे पांढरे असतात. औषध तळाशी बसतं, म्हणून दर वेळी बाटली हलवायलाच हवी. पांढरा साका जखमेला चिकटून राहतो. तो पू समजून घाबरायचं कारण नाही. सुरुवातीला दर तासाला थेंब, अनेकदा रात्रीसुद्धा, आणि उपचार कित्येक आठवडे. औषध फार खोल झिरपत नाही, म्हणून डॉक्टर मधूनमधून जखम पुन्हा खरवडतात. दुखणं थांबलं म्हणून थेंब स्वतःहून बंद करू नयेत, कारण खोलवर तंतू जिवंत असू शकतात.

जखम भरली तरी तिथे बऱ्याचदा फूल पडतं आणि नजर अधू होते. जखमेने थेंबांना दाद दिली नाही किंवा पडद्याला भोक पडलं, तर बाधित भाग भोवतालच्या थोड्या निरोगी कडेसह काढून दात्याचा कॉर्निया बसवतात. या शस्त्रक्रियेत पहिलं लक्ष्य डोळा वाचवणं असतं. एरवी रोपणानंतर लगेच सुरू होणारे स्टेरॉइडचे थेंब इथे सहसा लांबवतात, कारण एखादा तंतू मागे राहिला असेल तर तो नव्या पडद्यातही वाढू शकतो. नजरेसाठी लागलंच, तर दुसरं रोपण डोळा पूर्ण शांत झाल्यावर करता येतं.