ब्लॅक आर्काइव्हज, मायामी

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातील मायामी शहराच्या कृष्णवर्णीय समाजाची कागदपत्रे व छायाचित्रे जतन करणारी संस्था. स्थापना १९७७. संस्थापक डोरोथी जेंकिन्स फील्ड्स या पेशाने शिक्षिका व शालेय ग्रंथपाल. अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त (१९७६) मुलांसाठी स्थानिक कृष्णवर्णीयांची माहिती त्या शोधू लागल्या, तेव्हा सार्वजनिक ग्रंथालयात जवळपास काहीच हाती लागले नाही. मग लोकांच्या घरांतून आणि चर्चमधून त्यांनी स्वतःच ती गोळा करायला घेतली.

ही उणीव विशेष खटकते, कारण १८९६ मध्ये मायामीला शहराचा दर्जा मिळवून देणाऱ्या ३६८ मतदारांपैकी १६२ कृष्णवर्णीय होते. संख्या भरण्यापुरती त्यांची मते चालली. राहायला मात्र रेल्वेरुळांपलीकडचे ‘कलर्ड टाउन’, कृष्णवर्णीयांसाठी वेगळी ठेवलेली वस्ती, म्हणजे आजचे ओव्हरटाउन. बहामा बेटांवरून आलेली अनेक कुटुंबेही इथे स्थिरावली. काउंट बेसी, एला फिट्झगेराल्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय जॅझ कलावंत मायामी बीचच्या आलिशान हॉटेलांत गात-वाजवत. पण तिथे त्यांना रात्रीचा मुक्काम करता येत नसे. कार्यक्रम आटोपला की खाडी ओलांडून ते ओव्हरटाउनच्या सर जॉन किंवा मेरी एलिझाबेथ हॉटेलात उतरत, आणि मग खरी मैफल तिथे रंगे. न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांच्या रस्त्यावरून या वस्तीला ‘लिटल ब्रॉडवे’ म्हणत ते उगीच नाही.

१९६० च्या दशकात द्रुतगती महामार्ग वस्तीच्या मधोमध नेले गेले. हजारो लोकांना उठावे लागले, घरे-दुकाने पाडली गेली. गल्ल्याच उरल्या नाहीत, तिथे जुना फोटो किंवा खरेदीखत हाच काय तो पुरावा. फील्ड्स यांच्या संग्रहाचे मोल इथे कळते.

संस्थेने कागदांबरोबर वास्तूही वाचवल्या. गेडर वॉकर या कृष्णवर्णीय उद्योजकाने १९१३ मध्ये उघडलेले लिरिक थिएटर मधल्या काळात चर्च म्हणून वापरले जात होते. संस्थेने ते १९८८ मध्ये घेतले. पुढच्याच वर्षी त्याची राष्ट्रीय वारसा नोंदवहीत नोंद झाली आणि २००० मध्ये पडदा पुन्हा उघडला. डी. ए. डॉर्सी यांचे घरही पुन्हा उभारले गेले. सुतारकाम करणारे डॉर्सी वस्तीतले भूखंड घेत, त्यावर घरे बांधून भाड्याने देत. शहरातले पहिले कृष्णवर्णीय लक्षाधीश ते हेच. एक अख्खे बेटही त्यांच्या मालकीचे होते. ते त्यांनी १९१९ मध्ये मायामी बीच वसवणारे उद्योजक कार्ल फिशर यांना विकले, आणि त्याला आज नाव आहे ते खरेदीदाराचे: फिशर आयलंड.