रहस्य-मांगातील कोडेउकल

साप्ताहिकातून क्रमशः येणाऱ्या जपानी रहस्य-चित्रकथेतील (मांगा) गूढ, लेखकाने उलगडण्यापूर्वीच, कथेत दिलेल्या खुणांवरून सोडवण्याचा वाचकांचा उद्योग. अशा तर्कचर्चेला जपानी वाचक ‘कोसात्सु’ म्हणतात आणि आधीच पेरून ठेवलेल्या खुणेला ‘फुकुसेन’. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने गोशो आओयामा यांच्या ‘मेइतान्तेई कोनान’ (डिटेक्टिव्ह कॉनन) या मालिकेचा विचार केला आहे. तिचा नायक शिनइची कुदो हा एका औषधाने लहान मुलगा झालेला गुप्तहेर असून तो कॉनन या नावाने वावरतो. शोगाकुकान प्रकाशनाच्या ‘शोनेन संडे’ साप्ताहिकात ती १९९४ च्या जानेवारीपासून चालू आहे आणि तिचा १०० वा खंड २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या प्रथेचा उगम कोठे धरावा, याबद्दल एकमत नाही. चार्ल्स डिकन्स यांची ‘बार्नबी रज’ ही कादंबरी क्रमशः चालू असताना एडगर ॲलन पो यांनी १८४१ मध्ये तिचे परीक्षण लिहिले आणि त्यात खुनाच्या रहस्याचा अंदाज वर्तवला. चालू कथेच्या पुढे धावणाऱ्या वाचकाचे हे बहुधा सर्वांत परिचित जुने उदाहरण होय. डिकन्स यांच्या मृत्यूमुळे (१८७०) ‘एडविन ड्रूड’ अपुरी राहिली, तेव्हा तिच्या शेवटाविषयी कित्येक दशके तर्क लढवले गेले. १९१४ मध्ये लंडनला तिच्यातील संशयितावर अभिरूप खटलाही चालला व त्यात न्यायाधीशाच्या आसनावर जी. के. चेस्टरटन बसले होते. मात्र या दोन्ही ठिकाणी लेखकाने वाचकाला आव्हान दिलेले नव्हते. ते स्पष्ट शब्दांत आढळते ते एलरी क्वीन यांच्या १९२९ मधील पहिल्या कादंबरीत. तेथे उलगड्याआधी कथा थांबवून, सर्व पुरावे आता समोर आले आहेत, असे वाचकाला सांगितले जाते. रहस्य-मांगातील कोडेउकल याच दुसऱ्या धाटणीची मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कारण तिच्यात लेखक प्रामाणिकपणे खुणा देणार, हे गृहीत असते.

जपानमध्ये ही धाटणी मांगाच्या पुष्कळ आधी रुजली होती. एदोगावा राम्पो यांची पहिली कथा ‘शिन् सेइनेन’ मासिकात १९२३ मध्ये आली. तिच्यातील गुप्तलिपी ‘नामु अमिदा बुत्सु’ या नामजपाच्या सहा चित्राक्षरांवर उभी आहे. ब्रेल लिपीच्या एका घरात सहा टिंबे असतात. त्या सहा टिंबांशी ही सहा अक्षरे जुळवली की मजकूर वाचता येतो. लिपीच्या घडणीचाच कोडे म्हणून उपयोग करण्याची ही रीत पुढे जपानी रहस्यकथेत टिकून राहिली. कॉननने धारण केलेले ‘एदोगावा’ हे आडनाव राम्पो यांच्याच नावावरून घेतलेले आहे. युद्धोत्तर काळात आंगो साकागुची यांनी १९४७–४८ मध्ये आपली रहस्यकादंबरी मासिकातून क्रमशः छापताना अचूक उकल पाठवणाऱ्या वाचकांना बक्षीस जाहीर केले होते. साप्ताहिक मांगाच्या वाचकाचे नाते या घटनेशी फार जवळचे आहे.

‘कॉनन’मधील एक प्रकरण सर्वसाधारणपणे तीन अंकांत पुरे होते : गुन्हा, तपास आणि उकल. दुसऱ्या व तिसऱ्या अंकांमधला आठवडा हा वाचकाचा असतो. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस कॉननला उत्तर कळलेले असते, वाचकाला मात्र ते स्वतः शोधावे लागते. गुन्हेगार उघड होईपर्यंत त्याची आकृती पूर्ण काळी रेखाटण्याचा संकेतही याच सोयीसाठी आहे. बांधा, केस, पोशाख यांवरून कोणीही ओळखू येत नाही आणि चित्रातून चुकून उत्तर फुटत नाही. एकेका प्रकरणाची अशी कोडी असंख्य असून त्यांची स्वतंत्र चर्चा येथे केलेली नाही.

दीर्घकाळ रेंगाळलेले मुख्य कोडे म्हणजे कथेतील काळ्या पोशाखातील गुन्हेगारी संघटनेचा प्रमुख कोण. त्याचे नाव मालिकेत आधीच येऊन गेले आहे, असे आओयामा यांनी सांगितले होते. या एका विधानाने शोधाचे स्वरूप पालटले. वाचक जुने खंड पहिल्या पानापासून पुन्हा चाळू लागले आणि घरगुती, निरुपद्रवी पात्रांवरही संशय गेला. कॉननचा शेजारी व मदतनीस प्राध्यापक आगासा हाच प्रमुख असावा हा तर्क त्यांपैकी सर्वांत लोकप्रिय होता. आओयामा यांनी तो पुढे नाकारला.

पहिली ठोस खूण ध्वनीची होती. प्रमुखाचा ई-मेल पत्ता दाबताना उमटणारे आवाज ‘नानात्सु नो को’ या बालगीताच्या चालीसारखे ऐकू येतात, असे कथेत दाखवले आहे. हे गीत उजो नोगुची यांचे, चाल नागायो मोतोओरी यांची (१९२१), आणि त्याचा आरंभच कावळ्याला विचारलेल्या प्रश्नाने होतो. कळांचा क्रम हॅश, ९, ६, ९, हॅश, ६, २, ६, १ असा आहे. पुश-बटण दूरध्वनीत प्रत्येक कळ एकाच वेळी दोन स्वर देते, एक आडव्या रांगेचा व एक उभ्या ओळीचा. वरील क्रमातील पहिल्या पाचही कळा उजवीकडच्या तिसऱ्या ओळीतल्या असल्याने त्यांचा वरचा स्वर १४७७ हर्ट्झवर स्थिर राहतो. खालचा स्वर मात्र ९४१ वरून ८५२, मग ७७० असा उतरतो आणि त्याच पायऱ्यांनी परत ९४१ वर चढतो. त्यामुळे हे गाण्याचे शुद्ध स्वर नव्हेत. कानाला त्यांची चढउतार तेवढी ओळखीची वाटते. कथेतही केवळ साम्याचाच दावा आहे, त्यामुळे ही खूण न्याय्य ठरते. दूरध्वनी हाताशी असलेल्या कोणाही वाचकाला ती घरबसल्या पडताळता येत होती.

दुसरी खूण अक्षरांची. अमेरिकेतील एका हॉटेलात कथाकाळाच्या सतरा वर्षांपूर्वी मारला गेलेला शोगीपटू (शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ) कोजी हानेदा याच्या प्रकरणात एक फुटका हातआरसा आहे. त्यावर रोमन अक्षरांत ‘पुट ऑन मस्कारा’ असे कोरलेले होते. फुटल्यावर पी, टी, ओ, एन एवढी अक्षरे उरली. निखळलेली आठ म्हणजे यू, एम, ए, एस, सी, ए, आर, ए. ती फिरवून कॉननने प्रथम ‘आसाका रम’ असे वाचले. प्रकरणातील बेपत्ता अंगरक्षकाचे नाव आसाका व संघटनेतील दुय्यम प्रमुखाचे टोपणनाव रम असल्याने हे उत्तर पटणारे होते. पुढे त्याच आठ अक्षरांतून शिनइचीचे वडील युसाकू कुदो ‘कारासुमा’ हे नाव काढतात. रेन्या कारासुमा हा मृत समजला गेलेला धनाढ्य ३० व्या खंडातील सांजवाड्याच्या प्रकरणात उल्लेखिलेला आहे, आणि त्याच्या आडनावातील पहिले चित्राक्षर कावळ्याचे आहे. हा उलगडा २०१७ च्या अखेरीस साप्ताहिकात आला व नंतर ९५ व्या खंडात समाविष्ट झाला.

आरशाचे कोडे वाचकाला खरोखर सोडवता येण्याजोगे होते का, यावर मतभेद आहेत. आठ अक्षरांत ‘ए’ तीनदा येत असल्याने त्यांच्या वेगवेगळ्या रचना ६,७२० होतात. नुसत्या हाताने त्या तपासणे कंटाळवाणे असले, तरी मालिकेतील पात्रांच्या नावांशी ताडून पाहणे अवघड नाही. आक्षेप आहे तो ‘सी’ या अक्षराचा. जपानी नावे रोमन लिपीत लिहिण्याच्या रूढ पद्धतीत कारासुमा व आसाका या दोन्ही नावांना ‘के’ लागतो. काना या जपानी अक्षरलिपीत ‘का’ हे एकच अक्षर असल्याने तेथे असा प्रश्नच उद्भवत नाही आणि ही फिरवाफिरवी मुळात शक्यही होत नाही. मरणाऱ्या माणसाने हाताशी असलेल्या अक्षरांतच निरोप बसवला, हे समर्थन पुरेसे वाटते. शिवाय पहिल्या, अपुऱ्या उत्तरालाही तीच सवलत लागली होती. ती मान्य केलेल्या वाचकाला दुसऱ्या वेळी तक्रारीला जागा उरत नाही.

कारासुमाची योजना लेखकाच्या मनात केव्हापासून होती, हा आणखी एक वादविषय. ३० व्या खंडापासूनच ती होती असे काही वाचक मानतात. मागाहून सोयीचे जुने नाव निवडले गेले, असे इतर म्हणतात. आरशावरील वाक्य उत्तरावरून उलटे रचले आहे, हे उघड आहे. त्यावरून काहीच ठरत नाही. कावळ्याच्या गीताची चाल मात्र या नावाशिवाय निरर्थक ठरते. त्यामुळे निदान ती चाल योजली तेव्हा तरी प्रमुख निश्चित झाला असावा, असे मानण्याकडे कल आहे. कारासुमाचे नाव उलगड्याआधीपासूनच चाहत्यांच्या संशयितांत होते, ते बहुतांशी याच गीतामुळे.

रमची ओळख हे त्यानंतरचे कोडे. पोलीस अधिकारी कुरोदा, शिक्षिका वाकासा रूमी आणि सुशीच्या दुकानातील वाकिता कानेनोरी असे तीन संशयित वाचकांपुढे ठेवले होते, आणि तिघांच्याही एका डोळ्याबाबत काहीतरी वेगळे होते. ‘वेळ म्हणजे पैसा’ हे वाक्य रमने आपल्या निरोपात आधीच वापरले होते. त्या म्हणीचे जपानी रूप ‘तोकी वा काने नारी’ रोमन लिपीत चौदा अक्षरांचे होते आणि त्यांची जुळणी बदलली की एकही अक्षर न उरता ‘वाकिता कानेनोरी’ मिळते. येथे लेखनपद्धतीत कोणतीही ओढाताण नाही. न्याय्यतेच्या कसोटीवर हे कोडे आरशाहून सरस आहे. त्याचे उत्तर १०० व्या खंडात आले.

आकड्यांवरची कोडी तुलनेने किरकोळ आहेत. शिनइचीला लहान करणाऱ्या औषधाच्या नावातील ४८६९ हे आकडे ‘शि-या-रो-कु’ असे वाचले की शेरलॉक हे नाव कानी पडते, आणि हे कथेतच सांगितलेले आहे. त्याच औषधाशी कारासुमाचा संबंध जोडण्याकडे अलीकडच्या तर्कांचा रोख दिसतो, कारण तो हयात असल्यास कथेतील हिशेबाने त्याचे वय शंभरीच्या कितीतरी पुढे जाते.