भक्षक पेशी

शरीरात शिरलेले जीवाणू, बुरशी आणि मेलेल्या पेशींचे अवशेष गिळून पचवणाऱ्या पांढऱ्या पेशींना भक्षक पेशी म्हणतात. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज हे त्यांचे दोन मुख्य प्रकार. प्रतिकारशक्तीचा विषय निघाला की लस, प्रतिपिंडे (जीवाणूंना चिकटणारी रक्तातली प्रथिने) आणि स्मृतिपेशी (आधीचा संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या पेशी) यांच्याबद्दलच जास्त बोलले जाते. पण त्वचा फाटून आत गेलेल्या जीवाणूंचा निकाल पहिल्या काही तासांत लावतात त्या भक्षक पेशीच, आणि प्रतिपिंडांच्या कामाचा मोठा भागही जीवाणू या पेशींच्या तावडीत देण्याचा असतो. गळू, नखुर्डे, रांजणवाडी यांतला पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिल.

शोध

इल्या मेच्निकॉव्ह (१८४५–१९१६) हे वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. ओडेसा विद्यापीठातली नोकरी सोडून १८८२ मध्ये ते सिसिलीतील मेसिना येथे राहायला गेले. तारामाशाच्या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात, त्यामुळे त्यांच्या शरीरात हिंडणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी पाहता येतात. या पेशी अन्नाचे कण गिळतात हे माहीत होते. बाहेरून घुसलेल्या वस्तूशीही त्या असेच वागत असतील का, हे पाहण्यासाठी मेच्निकॉव्ह यांनी बागेतले गुलाबाचे काटे अळीत टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला होता. घरची मंडळी त्या दिवशी सर्कशीतली माकडे पाहायला गेली होती, असे त्यांनी नंतर लिहिले आहे. ही हकीकत बऱ्याच वर्षांनी सांगितलेली असल्याने तिच्या नाट्यमयतेला थोडी सूट द्यावी लागते. प्रयोगाबद्दल मात्र शंका नाही. पुढे डॅफ्निया या पाणपिसवेच्या शरीरात शिरलेले बुरशीचे बीजाणू पेशी गिळतात आणि त्या कमी पडल्या तर पाणपिसू मरते, हेही त्यांनी दाखवले.

तोपर्यंत पुवातल्या पेशींच्या पोटात जीवाणू दिसले की जीवाणू त्या पेशींवर बसून शरीरभर पसरतात, असा अर्थ बरेच जण लावत. मेच्निकॉव्ह यांनी तो उलटा केला. जर्मन संशोधकांना ते पटले नाही. जीवाणू मारण्याची शक्ती पेशींत नसून रक्तद्रवात आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि १८९० मध्ये एमिल फॉन बेरिंग व शिबासाबुरो कितासातो यांनी धनुर्वात व घटसर्पाची प्रतिविषे रक्तद्रवात दाखवल्यावर त्यांची बाजू भक्कम झाली. १९०३ मध्ये लंडनमध्ये ऑल्मरोथ राइट आणि स्ट्युअर्ट डग्लस यांना आढळले की रक्तद्रवातले काही पदार्थ जीवाणूंना चिकटतात आणि मगच पांढऱ्या पेशी त्यांना झपाट्याने गिळतात. म्हणजे रक्तद्रव आणि पेशी ही एकाच कामाची दोन टोके होती. १९०८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेच्निकॉव्ह आणि रक्तद्रवपक्षाचे पाउल एर्लिख यांना विभागून मिळाले.

जखमेपासून पुवापर्यंत

वेळेचा हिशेब आधी मांडलेला बरा. अनुकूल परिस्थितीत एक जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतो असे धरले, तर दहा तासांत एकाचे दहा लाख होतात. नव्या जीवाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. मधला सगळा काळ भक्षक पेशींनी रेटायचा असतो.

केसाच्या मुळाशी होणारे केस्तूड बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूमुळे होते. हा जीवाणू कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात एरवी निमूटपणे राहत असतो. तो त्वचेखाली गेला की तिथे आधीपासून असलेल्या मॅक्रोफेजशी त्याची गाठ पडते. मॅक्रोफेज विशिष्ट जीवाणू ओळखत नाही. जीवाणूंच्या भित्तिकेतले आणि शेपटीतले काही रेणू माणसाच्या शरीरात कुठेच नसतात. ते ओळखणारी ग्राहके, म्हणजे ओळख पटवणारी प्रथिने, मॅक्रोफेजपाशी असतात. अशी ग्राहके असलीच पाहिजेत, असा तर्क चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये मांडला. १९९६ मध्ये ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने फळमाशीत टोल या जनुकाचे संरक्षणातले काम दाखवले आणि १९९८ मध्ये ब्रूस ब्युटलर यांना उंदरातले टोलसदृश ग्राहक सापडले. हॉफमन आणि ब्युटलर २०११ च्या नोबेलचे मानकरी ठरले. जेनवे २००३ मध्येच वारले होते.

ग्राहकाला जीवाणूचा स्पर्श झाला की मॅक्रोफेज टीएनएफ, इंटरल्युकिन-१ यांसारखी संदेशप्रथिने सोडतो. आसपासच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती पाझरू लागतात. लाली, उष्णता, सूज आणि ठणका ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवली आहेत. ती जीवाणूने केलेली नसून बहुतांशी आपल्याच पेशींनी घडवलेली असतात. तापाचेही तसेच: हीच प्रथिने रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतात आणि तिथे शरीराचे तापमान वरच्या पातळीला लावले जाते.

आता न्यूट्रोफिल येतात. प्रौढ माणसाची अस्थिमज्जा रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते. रक्ततपासणीच्या अहवालात पांढऱ्या पेशींपैकी साधारण ४० ते ७० टक्के याच असतात. एरवी त्या रक्ताबरोबर वाहत असतात. दाहाच्या जागी मात्र रक्तवाहिनीच्या अस्तरावर चिकट प्रथिने उगवतात. त्यांना अडखळत न्यूट्रोफिल आधी गडगडत जातो, मग थांबतो आणि अस्तराच्या दोन पेशींमधल्या फटीतून अंग आक्रसून बाहेर पडतो. पुढची वाट रासायनिक वासावर. जीवाणू आपली प्रथिने फॉर्माइल गट लावलेल्या मेथिओनिन या अमिनो आम्लापासून सुरू करतात आणि हे तुकडे त्यांच्याभोवती सांडत राहतात. जिकडे ते दाट, तिकडे न्यूट्रोफिल सरकतो. आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियाही (ऊर्जा पुरवणारे घटक) फार पूर्वी जीवाणूच होत्या आणि त्यांची प्रथिने आजही तशीच सुरू होतात. म्हणून मुका मार लागून पेशी फुटल्या, तर एकही जीवाणू नसताना न्यूट्रोफिल तिथे धावतात.

गाठल्यावर पकडायचे कसे, हा वेगळाच प्रश्न आहे. अनेक जीवाणूंवर शर्करेचे बुळबुळीत कवच असते आणि त्यावर पेशीची पकड बसत नाही. इथे राइट यांना दिसलेले रक्तद्रवातले पदार्थ उपयोगी पडतात. जंतूंविरुद्धच्या कामाला हातभार लावणाऱ्या, रक्तद्रवातल्या पूरक प्रथिनांपैकी सी-३ या प्रथिनाचा तुकडा जीवाणूच्या पृष्ठभागाला कायमचा जोडला जातो, आणि आधीच्या संसर्गातली किंवा लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडे असतील तर तीही चिकटतात. न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावर या दोन्हींना धरणारी ग्राहके असतात. पेशी हातपाय पसरून जीवाणूभोवती कवटाळते आणि तो तिच्या आत एका पिशवीत बंद होतो.

पिशवीच्या भिंतीवर एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर जुळून उभे राहते आणि पेशी एकदम प्रचंड ऑक्सिजन वापरू लागते. त्यातून सुपरऑक्साइड, मग हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि मायलोपेरॉक्सिडेज या विकराच्या मदतीने हायपोक्लोरस आम्ल तयार होते. क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यात जंतू मारते तेही हेच आम्ल. मायलोपेरॉक्सिडेज हिरवट रंगाचे असते. पुवाला आणि घट्ट बेडक्याला येणारी हिरवी झाक बरीचशी त्याची. जोडीला पेशीतल्या कणिका पिशवीत रिकाम्या होतात. त्यांत जीवाणूच्या पटलाला भोके पाडणारी डिफेन्सिन, लोह हिरावून घेणारे लॅक्टोफेरिन आणि भित्तिका विरघळवणारे लायसोझाइम असते. लायसोझाइमचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या आधी, १९२२ मध्ये लावला होता. न्यूट्रोफिलची आणखी एक तऱ्हा २००४ मध्ये बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत आर्तुरो झिखलिन्स्की यांच्या गटाला दिसली: काही न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि त्यात जीवाणू अडकतात.

हा मारा आंधळा असतो. कणिकांतली विकरे बाहेर सांडली की आसपासची निरोगी ऊतीही विरघळते. केस्तुडाच्या मध्यभागी खड्डा पडतो तो त्यामुळे. काम संपल्यावर न्यूट्रोफिल मरतात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात आणि गिळता गिळता दाह आवरण्याचे संदेश सोडतात. जखम भरायला सुरुवात होते ती तेव्हापासून. पू फार साचला तर त्याभोवती तंतूंची भिंत बनते. आत रक्तवाहिन्या नसल्याने प्रतिजैविकही नीट पोहोचत नाही, म्हणून मोठ्या गळवाला चिरा देऊनच पू काढावा लागतो. गरम पोटीस बांधण्याच्या जुन्या उपायात तथ्य आहे, शेकाने तिथला रक्तपुरवठा वाढतो. दाबून फोडण्यात मात्र नाही. विशेषतः नाकावरचे आणि वरच्या ओठावरचे गळू कधीही दाबू नये. तिथल्या शिरांचा मार्ग थेट कवटीच्या आत जातो.

पायाला काटा रुतून चिघळला की जांघेत अवधाण येते. हे या कामाचे दुसरे अंग. डेन्ड्रायटिक पेशी जीवाणूचे तुकडे घेऊन लसीकावाहिनीतून जवळच्या लसीकाग्रंथीत जातात आणि तिथल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींना (बी आणि टी पेशी) ते दाखवतात. नेमका तो तुकडा ओळखणाऱ्या मोजक्या पेशी निवडल्या जाऊन वाढू लागतात, म्हणून ग्रंथी फुगते. त्यांतल्या बी पेशींच्या वंशातून प्रतिपिंडे येतात. टी पेशी मॅक्रोफेजना इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशप्रथिन देऊन अधिक जहाल करतात, आणि काही टी पेशी आणखी न्यूट्रोफिल बोलावतात.

चकवणारे जीवाणू

यशस्वी रोगजंतू बहुधा भक्षक पेशींना चकवण्यात तरबेज असतात. न्यूमोनियाचा जीवाणू न्यूमोकॉकस कवचाच्या जोरावर निसटतो. स्टॅफिलोकॉकसचे प्रोटीन-ए प्रतिपिंडाला उलट्या टोकाने धरते, त्यामुळे न्यूट्रोफिलला पकडायला जागाच उरत नाही. प्लेगचा जीवाणू सुईसारख्या यंत्रणेतून भक्षक पेशीत प्रथिने टोचतो आणि तिची गिळण्याची हालचालच थांबवतो. मग तो लसीकाग्रंथीत बेसुमार वाढतो. प्लेगची गाठ ती हीच. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा लस तयार करायला आलेले वाल्डेमार हाफकिन हे मेच्निकॉव्ह यांचे ओडेसातले विद्यार्थी होते आणि पुढे त्यांच्या मागोमाग पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले होते. उष्णतेने मारलेल्या जीवाणूंची लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

क्षयाच्या जीवाणूची रीत सर्वांत चिवट. रॉबर्ट कॉख यांनी तो शोधल्याचे जाहीर केले ते १८८२ मध्येच, मेसिनाच्या प्रयोगाच्या काही महिने आधी. फुप्फुसातला मॅक्रोफेज त्याला गिळतो, पण तो ज्या पिशवीत जातो तिचे पाचक रसांच्या पिशवीशी मीलनच तो होऊ देत नाही आणि मारेकऱ्याच्या पोटातच राहतो. शरीर मग त्या मॅक्रोफेजभोवती इतर पेशींचे कडे करते. या गाठीत जीवाणू मरत नाहीत आणि पसरतही नाहीत. बहुतेक लोकांत ही कोंडी आयुष्यभर टिकते. ती टी पेशी आणि टीएनएफ यांच्या बळावर टिकून असते. एचआयव्हीने टी पेशी घटल्या की क्षय उफाळतो. संधिवातासाठी टीएनएफ रोखणारी इंजेक्शने सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात तीही याचसाठी. कुष्ठरोगातही असेच. टी पेशींचा प्रतिसाद जोरकस असलेल्यांना थोडेच चट्टे येतात. तो मुळातच क्षीण असेल, तर मॅक्रोफेज जीवाणूंनी खच्चून भरतात.

कमतरता आणि अतिरेक

रक्ताच्या प्रत्येक मायक्रोलिटरमध्ये न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेले की स्थिती धोक्याची मानतात. कर्करोगाच्या केमोथेरपीनंतर असे पुष्कळदा होते. अशा रुग्णाला संसर्ग झाला तरी पू होत नाही, सूज दिसत नाही, कित्येकदा छातीच्या एक्स-रेतही काही उमटत नाही. ताप हीच एकमेव खूण असते. त्यामुळे या काळातला ताप उद्यापर्यंत वाट पाहण्याजोगा नसतो.

काही मुलांत न्यूट्रोफिल पुरेसे असतात, जीवाणू गिळतातही, पण एनएडीपीएच ऑक्सिडेज जन्मतःच सदोष असल्याने मारू शकत नाहीत. १९५० च्या दशकात वर्णिलेल्या या आजारात वारंवार गळवे, न्यूमोनिया आणि यकृतात पू होतो. आणखी एका दुर्मीळ दोषात न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटूच शकत नाहीत. अशा बाळाची नाळ उशिरा गळते, रक्तात न्यूट्रोफिलची गर्दी असते आणि जखमेत मात्र पुवाचा थेंब नसतो. प्लीहा काढलेल्यांचा प्रश्न वेगळा: रक्तातले कवचधारी जीवाणू टिपणारे मॅक्रोफेज प्रामुख्याने तिथे असतात, म्हणून त्यांना न्यूमोकॉकसची लस आवर्जून देतात. या सगळ्यांहून कितीतरी अधिक लोकांशी संबंधित कारण म्हणजे मधुमेह. साखर अनियंत्रित असली की न्यूट्रोफिलचे सरकणे, गिळणे आणि मारणे तिन्ही मंदावते. पाठीवरचे काळपुळीसारखे मोठे करट आणि न भरणाऱ्या पायाच्या जखमा यांत त्याचा वाटा असतो.

प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि काढे हे सारे दुर्लक्षून जितकी जास्त तितकी चांगली असे गृहीत धरतात. जीवाणू रक्तात पसरून हाच प्रतिसाद शरीरभर एकाच वेळी पेटला, तर सगळ्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे बंद पडतात. या सेप्सिसमध्ये प्रतिजैविके आणि सलाइन लगेच सुरू करतात. टीएनएफ रोखून सेप्सिस आवरण्याचे प्रयत्न १९९० च्या दशकात मोठ्या चाचण्यांतून झाले, पण त्यांतून वापरात येण्याजोगे औषध निघाले नाही. न्यूट्रोफिल घटलेल्यांसाठी मात्र अस्थिमज्जेला चालना देणारे जी-सीएसएफ हे इंजेक्शन उपलब्ध आहे आणि केमोथेरपीच्या विभागांत ते नित्य वापरले जाते. जन्मजात दोष असलेल्या काही मुलांत अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने निरोगी भक्षक पेशी तयार होऊ लागतात.