तगर, डफरिन आणि लातूरचा फॉर्म

बारावी सायन्सची पोरं जेईई, नीट आणि सीईटीचे फॉर्म भरून दमली की त्यांच्यातली काही जण आणखी एक फॉर्म भरतात. तो भारतीय सागरी विद्यापीठाच्या, म्हणजे आयएमयूच्या, प्रवेश परीक्षेचा. लातूरच्या नेटकॅफेत असा फॉर्म भरणाऱ्या पोराच्या मागे उभा असलेला बाप हमखास विचारतो, "हे नेव्हीचंच ना?" तसं नाही. नौदल वेगळं आणि मर्चंट नेव्ही वेगळी. पहिल्याकडे तोफा, दुसरीकडे कंटेनर. बापाची चूक नाही म्हणा. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही किनारा नाही आणि जहाजावर नोकरी करून आलेला माणूस पंचक्रोशीत सापडला तर सापडला.

तरी आमचा माल समुद्रावर गेला तो दोन हजार वर्षांपूर्वी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस' या वहीत पैठण आणि तगर ही दोन्ही नावं आहेत. तगर म्हणजे धाराशिवजवळचं तेर, गोरोबाकाकांचं गाव. भडोच बंदरापासून २० दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, असा त्यात हिशेब दिलाय. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड जायचे, तगरहून जाडंभरडं कापड आणि मलमल. सगळं गाड्यांवर लादून, धड वाट नसलेल्या मुलखातून. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इटलीतल्या पाँपेईच्या राखेखाली निघालेल्या मूर्तीशेजारी तिचा फोटो ठेवा, दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. सातवाहनांनी तर नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज कोरलं. ती नाणी सापडतात मात्र मुख्यतः पूर्वेच्या कोरोमंडल किनाऱ्यावर.

तगरच्या गाडीवानाने समुद्र पाहिला असेल-नसेल. माल आमचा होता, जहाज दुसऱ्याचं. ही वाटणी पुढे फार काळ टिकली.

निजामाच्या राज्यात तर ती पक्कीच झाली, कारण एवढ्या मोठ्या संस्थानाला स्वतःचं बंदरच नव्हतं. ही बोच खुद्द निजामालाही होती. १९४७च्या सुमाराला त्याने गोव्यासाठी पोर्तुगालशी बोलणी चालवली होती, ती समुद्राला वाट हवी म्हणूनच. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थानच भारतात विलीन झालं आणि तो विषय संपला.

जहाज आपलं करण्याची गोष्ट घडली ती आमच्या शिवेपलीकडे. सोलापूर मराठवाड्यात येत नाही, पण तुळजापूरकराला ते घरच्यासारखं. तिथे १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद नरोत्तम मोरारजींसोबत जहाजधंद्यात उतरले. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून 'लॉयल्टी' हे जहाज त्यांनी घेतलं. त्यांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या नावातलं 'सिंदिया' तिथूनच आलं. ५ एप्रिल १९१९ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन आहे.

जहाज आपलं झालं, पण ब्रिजवरचे, म्हणजे जहाज हाकणारे, अधिकारी गोरेच. देशात अधिकारी घडवणारी शाळाच नव्हती, त्यामुळे दुसरं काही होणंही शक्य नव्हतं. १९२२ साली सर शिवस्वामी अय्यर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात हा प्रश्न लावून धरला, मग समिती नेमली गेली आणि १९२७च्या अखेरीस मुंबईत माझगावसमोर नांगरलेल्या 'डफरिन' या जुन्या सैन्यवाहू जहाजावर पहिली तुकडी दाखल झाली. वर्ग, झोपणं, जेवण सगळं तिथेच. त्याच पहिल्या तुकडीतले रामदास कटारी १९५८ साली नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. म्हणजे नेटकॅफेतल्या बापाचा गोंधळ अगदीच अनाठायी नाही.

डफरिनवर आमच्याकडची पोरं गेली का? निजामाचं उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवत होतं, डफरिनचा कारभार इंग्रजीत, आणि मुंबई म्हणजे दुसरं राज्य. परभणीच्या शेतकऱ्याच्या पोराला डफरिनच्या प्रवेशाची जाहिरात कुणी वाचून दाखवली असती? मला तरी तिथे अंतरापेक्षा भाषा आडवी आलेली दिसते. मराठवाडा १९५६ला मुंबई राज्यात आला, तोवर डफरिनला तीस वर्षं होत आली होती.

पुढचं थोडक्यात. इंजिन खात्याचं शिक्षण १९४९ साली वेगळं काढून कलकत्ता आणि मुंबईला नेलं. डफरिनच्या जागी १९७२ला 'राजेंद्र' आलं आणि १९९३ला 'चाणक्य' ही नवी मुंबईच्या जमिनीवर बांधलेली संस्था. नावात 'ट्रेनिंग शिप' तसंच ठेवलं, जहाज मात्र गेलं. बराच काळ या संस्थांचे प्रवेश आयआयटीच्या जेईईतून व्हायचे. म्हणजे आयआयटी हुकलेल्याला ही वाट दिसायची आणि जेईईच न दिलेल्याला ती आहे हेच ठाऊक नसायचं.

२००८च्या कायद्याने या सरकारी संस्था एका विद्यापीठाखाली आल्या. मुख्यालय चेन्नईला, त्याच कोरोमंडल किनाऱ्यावर. शिवाय मुंबई, नवी मुंबई, कोलकाता, विशाखापट्टणम आणि कोची. स्वतःची सीईटी आली आणि लातूर पॅटर्नच्या पोरांना ती जमण्यासारखी निघाली. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणितात सरासरी ६० टक्के लागतात, ते इथे कुणाला जड जात नाहीत. इंग्रजीचे ५० मात्र मराठी माध्यमवाल्याला अजूनही घाम फोडतात. पोहण्याची धास्ती नसते; पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेली पिढी आहे ती.

आमच्या भावकीतला एक जण मरीन इंजिनिअर झालाय. सुट्टीवर आला की जहाजाच्या पोटातलं सांगत बसतो. इंजिन थंड करून आलेल्या गरम पाण्याच्या उष्णतेवर, हवेचा दाब कमी करून, समुद्राचं पाणी पन्नास-साठ अंशांतच उकळवतात. त्या वाफेचं गोडं पाणी होतं, मोठ्या जहाजावर रोजचं वीसेक टन. २०१६ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्याच्या पहिल्या खेपेत पाच लाख लिटर होतं. तो कागदावर भागाकार करून म्हणाला, "एका जहाजाचं पंचवीस दिवसांचं."

एक गोष्ट घरचे लोक शेवटी विचारतात, ती आधी विचारावी. पदवी हातात पडली म्हणजे अधिकारी झाला असं नाही. बी.एस्सी. नॉटिकल सायन्सनंतर, म्हणजे जहाज हाकण्याच्या पदवीनंतर, १२ महिने आणि मरीन इंजिनिअरिंगनंतर ६ महिने जहाजावर काढल्यावरच पहिल्या परवान्याच्या परीक्षेला बसता येतं. कंपनीने आधीच घेतलं असेल तर ठीक, नाहीतर पोरगं घरी बसतं, शेजारी "लागला का?" विचारतात आणि नेमका तेव्हाच एजंटाचा फोन येतो. आमच्याच भावकीत एकाने एकराचे पैसे असे घालवलेत. कायद्याने भरती करणाऱ्याला खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेताच येत नाहीत, आणि खऱ्या भरती कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना असतो. त्याचा नंबर मागायचा आणि नौवहन महासंचालनालयाच्या यादीत घरबसल्या ताडून बघायचा.