मासेमारीचा रॉड : बांधणी आणि सुटे भाग

गळाने मासे धरायचा रॉड दुकानात तयार मिळतो, तसाच तो सुटे भाग आणून हातानेही बांधता येतो, आणि या हाताने बांधायच्या कामालाच जगभरचे हौशी लोक रॉड बिल्डिंग म्हणतात. ब्लँक म्हणजे मूळ निमुळती काठी किंवा नळी, रीळ बसवायची सीट, मूठ, दोरी ज्यातून जाते त्या गाईड म्हणजे कड्या, टोकाची कडी, बांधायचा दोरा आणि वरून द्यायचं एपॉक्सी किंवा व्हार्निश, एवढाच हा संसार. ब्लँक स्वतः बनवणारे फार थोडे, ते मुख्यतः बांबूवाले. फायबर किंवा कार्बनचा ब्लँक बहुतेक सगळे विकतच घेतात. रॉड कसा फेकायचा, रीळ कसं चालवायचं हा या नोंदीचा विषय नाही.

चिरलेल्या बांबूचा रॉड : हातबांधणीची परंपरा खऱ्या अर्थाने इथून सुरू होते, आणि ती कुणी सुरू केली यावर शंभर वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. अमेरिकेत प्रचलित मत असं की पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा बंदूक कारागीर सॅम्युएल फिलिप (१८०१–१८७७), जो व्हायोलिनही बनवायचा, त्याने १८४५ ते १८४८ च्या दरम्यान कधीतरी बांबू उभा चिरून, पट्ट्या तासून, सरसाने चिकटवून रॉडचे भाग तयार केले. जेम्स हेन्शॉलने १८८१ च्या आपल्या पुस्तकात ओळखीच्या लोकांच्या साक्षी गोळा करून हे श्रेय फिलिपला दिलं आणि नंतरच्या बहुतेकांनी तेच उचललं. अडचण अशी की इंग्लंडमध्ये ‘एफेमेरा’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एडवर्ड फिट्झगिबनच्या १८४७ च्या पुस्तकात तीन पट्ट्या जोडून केलेल्या बांबूच्या टोकांचा उल्लेख येतो आणि तोही काही नवलाची गोष्ट सांगतोय अशा सुरात नाही, शिवाय १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात असे जोडलेले रॉड मांडलेले होते. चीनमध्ये हजारो वर्षांपूर्वी हे होतं असंही अधूनमधून लिहिलेलं दिसतं, पण आधार कुणी देत नाही, त्यामुळे ते बाजूला ठेवलेलं बरं.

दोन्ही बाजू नीट पाहिल्या तर भांडण बऱ्याच अंशी ‘रॉड’ कशाला म्हणायचं यावर येऊन थांबतं. इंग्रज कारागीर तीन पट्ट्यांचं टोक बनवायचे आणि बुंधा साध्या लाकडाचा ठेवायचे. फिलिपच्या सुरुवातीच्या रॉडांचा बुंधाही अ‍ॅश लाकडाचाच असल्याचं सांगतात. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सगळा चिरलेल्या बांबूचा आणि सहा पट्ट्यांचा रॉड त्याचा मुलगा सोलोन याने १८५९ च्या सुमारास केला असं एक मत आहे, तर न्यूअर्कच्या चार्ल्स मर्फीने १८६० च्या दशकात असे रॉड प्रथम बाजारात आणले हे दुसरं. तेव्हा टोकाची कल्पना इंग्लंडची आणि पूर्ण रॉड अमेरिकेचा ही विभागणी जास्त पटण्यासारखी वाटते. पुढचं चित्र स्वच्छ आहे : मेन राज्यातल्या बँगोरच्या हायरम लेनर्डने १८७० च्या दशकात पट्ट्या कापायचं यंत्र बसवलं, ते बराच काळ कुणाला बघू दिलं नाही, आणि त्याच्याकडे शिकलेल्या एडवर्ड पेन, फ्रेड थॉमस, युस्टिस एडवर्ड्स अशा लोकांनी नंतर आपापली दुकानं थाटून अमेरिकन रॉडचा दर्जा ठरवला. इंग्लंडात अ‍ॅल्निकच्या हार्डी ब्रदर्सने ‘पॅलाकोना’ या नावाने हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं.

कलकत्ता केन : या पहिल्या पिढीचा बांबू भारतातून जायचा आणि व्यापारात त्याला कलकत्ता केन म्हणायचे. तो नक्की कोणता, हा दुसरा वाद. बहुतेक लेखक डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस सांगतात, म्हणजे आपल्या विदर्भात, मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत ज्याला मानवेल म्हणतात तोच, कोरड्या जागी वाढला की जवळजवळ भरीव होणारा, ज्याच्या लाठ्या होतात आणि ज्याचे दांडे ब्रिटिश घोडदळाच्या भाल्यांना लावायचे. या मताच्या बाजूने ताकद आणि भरीवपणा आहे. विरोधात हे की रुंद, सपाट पट्टी निघायला जाड बुंध्याचा कळक लागतो आणि मानवेल तसा बारीकच, पेरंही ठळक आणि काठी बरेचदा वाकडी. मुळात कलकत्ता हे बंदर आहे, जंगल नव्हे, तेव्हा तिथून जहाजावर चढलेल्या मोळ्यांत एकच जात असेल असं धरून चालायला काही कारण नाही, मिश्र मालच जास्त शक्य. जुन्या रॉडांवर तपकिरी-काळे भाजल्याचे डाग दिसतात ते या बांबूची खूण मानतात. काठी सरळ करायला तापवल्याचे ते डाग असं कुणी म्हणतं, कुणी कीड मारायला. डागाखालचा तंतू जळलेला असला की रॉड तिथेच मोडायचा, म्हणून कारागीर असे तुकडे वगळायचे आणि अर्धाअधिक बांबू वाया जायचा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टोंकिन केन आला आणि कलकत्ता मागे पडला. नाव व्हिएतनामच्या टोंकिनचं, पण हा बांबू येतो दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातल्या सुई नदीच्या खोऱ्यातून. कँटनच्या लिंगनान विद्यापीठात असलेल्या एफ. ए. मॅक्‌क्ल्यूर यांनी १९३१ मध्ये त्याला आरुंडिनारिया अमाबिलिस हे शास्त्रीय नाव दिलं, आता तो स्यूडोसासा वंशात धरतात. याची पेरं बसकी, काठी सरळ आणि बाहेरच्या बाजूला तंतूंची दाटी जबरदस्त. १९५० पासून अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला तो जवळपास दोन दशकं, तेवढ्यात फायबरग्लासने बाजार खाऊन टाकला होता (आर्थर हॉवल्डने शेक्सपियर कंपनीसाठी १९४० च्या दशकात ते आणलं) आणि बांबू हौशी लोकांपुरता उरला. कार्बनबद्दलही पहिलं कोण हा प्रश्न आहेच : कार्बन तंतू १९६० च्या दशकात इंग्लंडच्या फार्नबरोतल्या सरकारी विमान संशोधन संस्थेत विकसित झाला आणि हार्डीने त्यावर लवकरच प्रयोग सुरू केल्याचं सांगतात, पण दुकानात मिळणारा कार्बन रॉड १९७३ मध्ये अमेरिकेच्या फेनविकने आणला असंच साधारण मानतात.

निमुळतेपणाचं गणित : बांबू रॉडमध्ये सहा पट्ट्या, प्रत्येकीचा छेद ६० अंशांचा समभुज त्रिकोण. काठी चिरून पट्ट्या काढायच्या, पेरं शेजारीशेजारी येऊ नयेत अशा पुढेमागे सरकवायच्या, पेरं तापवून दाबून सरळ करायची, मग स्टीलच्या साच्यात ठेवून रंध्याने तासायच्या. साचा म्हणजे दोन लांब पट्ट्या, दर पाच इंचाला स्क्रू, तो फिरवला की खाच खोल-उथळ होते. तासायचं ते आतल्या दोन बाजूंनीच, बाहेरच्या सालीला रंधा लावायचा नाही कारण खरे दमदार तंतू सालीला लागूनच असतात, नवशिके हमखास इथेच हात मारतात. शेंड्याला पूर्ण रॉडची जाडी दीड-दोन मिलिमीटर, म्हणजे एकेक पट्टी जेमतेम एक मिलिमीटर, त्यामुळे मोजमाप इंचाच्या हजाराव्या भागात चालतं. एवढा काटेकोरपणा का, तर भरीव काठीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो : जाडी १० टक्के वाढवली तर ताठपणा सुमारे ४६ टक्के वाढतो. पेशाने इंजिनियर असलेल्या एव्हरेट गॅरिसनने (१८९३–१९७५) रॉडच्या प्रत्येक ठिकाणी किती ताण यायला हवा ते आधी ठरवून त्यावरून जाडी काढायची पद्धत बसवली, ती त्याच्या मृत्यूनंतर होगी कारमायकेलने १९७७ मध्ये छापली आणि आजचे हातबांधणीवाले बव्हंशी तिच्यावरच उभे आहेत.

ब्लँक निवडणे : कार्बनचा ब्लँक म्हणजे राळ लावलेलं कार्बनचं कापड निमुळत्या पोलादी गजावर गुंडाळून, वरून टेप आवळून भट्टीत भाजलेली नळी. पाकिटावर आयएम-६, आयएम-७, आयएम-८ असं लिहिलेलं असतं आणि लोक तो दर्जा समजून आकडा मोठा तेवढा माल भारी असं धरतात. ही हर्क्युलस कंपनीच्या, आता हेक्सेलच्या तंतूंची व्यापारी नावं आहेत, दुसऱ्या कुणी ती छापली तर त्यातून काहीच कळत नाही. मॉड्युलस, म्हणजे तंतूचा अंगचा ताठपणा, वाढला की तेवढाच ताठपणा कमी मालात मिळतो म्हणून ब्लँक हलका होतो, पण नळीची भिंत पातळ होते आणि होडीच्या काठावर आपटला की गेला.

‘मीडियम’, ‘फास्ट’ हे शब्द प्रत्येक कंपनीचे वेगळे, तेव्हा मोजायचं कसं यावर विल्यम हॅनेमन यांनी ‘कॉमन सेंट्स’ नावाची पद्धत काढली : रॉड आडवा घट्ट धरायचा, टोकाला पिशवी अडकवायची आणि टोक रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत त्यात अमेरिकन सेंट टाकत राहायचे. १९८२ नंतरचा सेंट २.५ ग्रॅमचा, म्हणून नाणी मोजली की वजन झालं. आपल्याकडे करायचं तर २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा आहे (२०१९ च्या मालिकेतला त्याहून हलका), म्हणजे अशा दोन रुपयांमागे साधारण तीन सेंट धरले की चालतं. फ्लाय रॉडला, म्हणजे जड दोरीच्या वजनावर हलका गळ फेकायच्या रॉडला, मात्र दोरीच्या वजनाचंच प्रमाण आहे, पाच नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट १४० ग्रेन, म्हणजे ९.१ ग्रॅम.

स्पाइन : ब्लँकचं एक टोक जमिनीवर टेकवून मधे वाकवून फिरवला तर तो एका ठिकाणी टचकन उडी मारून स्थिर होतो, त्याला स्पाइन म्हणतात. कापडाच्या थरांची सुरुवात आणि शेवट एकसारखा जमत नाही म्हणून हे होतं. जुनी शिकवण अशी की गाईड स्पाइनच्या रेषेतच बांधा, नाहीतर मासा ओढताना रॉड पिळेल. याला मेकॅनिक्सचा आधार नाही : गाईड वर असले आणि दोरी खाली ओढत असली तर रॉड पिळणारच, स्पाइन कुठेही असो, आणि गाईड खाली असले तर पिळणार नाही. म्हणून बरेच अनुभवी बिल्डर आता ब्लँकचा नैसर्गिक बाक बघून सर्वात सरळ दिसेल त्या रेषेत बांधतात. स्पाइनवाले अजून आहेत, आणि त्यांचे रॉडही चांगलेच चालतात, त्यामुळे भांडण संपत नाही. गाईड वरून सुरू करून वळसा देत खालच्या बाजूला नेणारी स्पायरल बांधणी याच पिळावरचा उपाय आहे, ती प्रथम कुणी केली यावरही एकमत नाही.

गाईड : दोन गोष्टी बघायच्या, आतली कडी आणि ती धरणारी चौकट. कडी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची असेल तर स्वस्त आणि साध्या तंगूसला पुरेशी, वेणीच्या दोरीला सिलिकॉन कार्बाइड चांगली. चौकट साध्या स्टेनलेसची असली तर खाऱ्या पाण्यात गंज धरते, ३१६ ग्रेड त्यापेक्षा टिकतो, टायटॅनियम सगळ्यात टिकाऊ आणि खिशाला सगळ्यात जड. आकड्याचा ठोकळ नियम म्हणजे रॉड जितके फूट तितके गाईड, वर एक. जागा ठरवायला फुजी कंपनीच्या ओमुरा यांची ‘न्यू गाईड कन्सेप्ट’ मांडणी स्पिनिंग रॉडला (ज्याचं रीळ खाली लटकतं तो) सगळीकडे वापरतात. तिच्या एका प्रकारात स्पूलच्या, म्हणजे रिळावर दोरी गुंडाळायच्या चकरीच्या, व्यासाला २७ ने गुणून जे अंतर येतं तिथे दोरीचे वेटोळे आवळणारा गाईड येतो, ४५ मिलिमीटरच्या स्पूलला सुमारे १.२ मीटर. आकडा सुरुवातीला ठीक, पण शेवटचा निकाल वजन लावूनच. गाईड तात्पुरते अडकवायचे (सायकलच्या वॉलट्यूबचे कापलेले तुकडे यासाठी मस्त), दोरी ओवून भार द्यायचा आणि जिथे दोरी ब्लँकच्या वळणाला सोडून सरळ रेघ मारते तिथे गाईड सरकवायचा किंवा एक वाढवायचा. शेंड्याजवळचे गाईड शक्य तितके छोटे आणि हलके ठेवावेत, कारण तिथला प्रत्येक ग्रॅम रॉडला मंद करतो.

मूठ आणि सीट : मूठ कॉर्कची किंवा ईव्हीए फोमची. कॉर्क अर्ध्या इंचाच्या चकत्या चिकटवून घासून करतात, चांगला माल पोर्तुगालचा. सीटच्या आत नि ब्लँकमध्ये जी फट राहते ती मास्किंग टेपचे वेढे देऊन भरायची सवय सगळीकडे आहे, पण पाणी शिरलं की टेप सुटतो आणि सीट फिरायला लागते. कडक फोमचे किंवा ग्राफाइटचे अस्तर तयार मिळतात.

बांधणे आणि फिनिश : गाईडच्या पायाचं टोक आधी बारीक कानसेने पातळ धारेपर्यंत उतरवावं लागतं, नाहीतर दोरा पायावर चढताना फट सोडतो आणि वरून एपॉक्सी दिलं की तिथे बुडबुडा अडकतो. बांधायला ‘ए’ नंबरचा नायलॉन, जाड समुद्री रॉडला ‘डी’, बांबूवर रेशीम. शेवटच्या काही वेढ्यांखाली जादा दोऱ्याचा फास ठेवायचा, टोक त्यात ओवून ओढून घ्यायचं, गाठ मारायची नाही. एपॉक्सीचे दोन भाग मापात समान घेऊन मिसळतात, सिरिंजने ३ आणि ३ मिली घेतले तरी पुष्कळ होतं, आणि रॉड मंद फिरणाऱ्या मोटरवर तासन्‌तास फिरत ठेवतात. टोकाची कडी गरम करून वितळणाऱ्या गोंदाने लावावी, पुढे बदलायची झाली तर निघते. पक्क्या एपॉक्सीने लावलेली काढताना शेंडा तुटतो.

कोकणात गरवायला जाणाऱ्यांच्या हातात काठी-दोरी असते नाहीतर तयार रॉड, खाडीत जिताडा नि तांबोशीमागे लागलेले काही जण आता बाहेरून ब्लँक मागवून बांधतात. किनाऱ्यावर बांधताना दोन पथ्यं पाळायची. मीठ लागतं म्हणून चौकट ३१६ च्या खाली घेऊ नये, आणि पावसाळ्यात एपॉक्सी लावायचं टाळावं, कारण दमट हवेत हार्डनर, म्हणजे एपॉक्सी घट्ट करणारा भाग, ओलावा धरतो, वर चिकट पांढुरका थर येतो आणि बरेचदा तो थर घासून काढून दुसरा हात द्यावा लागतो.